परसातील मँगोस्टीन

कोकणातील परसात रातांबा नवा नाही. त्याचा सगोत्र मँगोस्टीन मात्र आपल्याकडे अजून नवलाचाच वृक्ष आहे. दोन्ही वृक्ष गार्सिनिया प्रजातीचे असले, तरी बियांच्या बाबतीत त्यांचा स्वभाव अगदी निराळा आहे. तो ध्यानात न घेतल्याने पुष्कळांची मेहनत वाया जाते.

रातांब्यात नर व मादी झाडे सामान्यतः वेगवेगळी असतात. सात-आठ वर्षे जोपासलेले झाड फुलावर आल्यावर नर निघावे, ही निराशा अनेकांच्या वाट्यास आली आहे. बियांपासून केलेल्या रोपांत अशी झाडे सुमारे निम्मी असतात. म्हणूनच रातांब्याचे कलम लावणे इष्ट. मँगोस्टीनला हे भय नाही. त्याच्या फुलातील पुंकेसर वांझ असतात व फलनावाचूनच बीजकाच्या आवरणातील पेशींपासून गर्भ तयार होतो. काटेकोर अर्थाने हे बी नव्हेच. त्यातून येणारे प्रत्येक रोप मादी आणि गुणांनी बहुतांशी मातृवृक्षासारखे असते.

परंतु हे बी सुकले की मेलेच. भाजीच्या बियांप्रमाणे वाळवून ते पुढील हंगामासाठी डब्यात ठेवणे व्यर्थ होय. फळात बहुधा ४ ते ८ पाकळ्या असतात आणि भरलेले बी त्यांतील मोठ्या एक-दोन पाकळ्यांतच सापडते. (फळाच्या टोकावरील फुलासारख्या नक्षीचे दल मोजावेत, आत तितक्याच पाकळ्या निघतात. मुलांना ही गंमत अवश्य दाखवावी.) गर धुऊन बी त्याच दिवशी पेरावे.

दुसरे नाजूक अंग म्हणजे मूळ. सोटमूळ लांब, उपमुळे थोडी व मूलरोमांचा जवळजवळ अभाव, अशी त्याची रचना असल्यामुळे ते दुखावलेले रोप वर्षानुवर्षे खुंटून राहते. याकरिता रोप उंच पिशवीत वाढवून मातीच्या हुंडीसकट लावावे. पहिली दोन-तीन वर्षे त्यास सावली हवीच. पोफळीच्या बागेत ती आयती मिळते, अन्यथा झावळ्यांचा आडोसा करावा. कोकणात खरी अडचण पावसाची नसून फेब्रुवारी ते मेपर्यंतच्या कोरड्या दिवसांची आहे. तेव्हा नियमित पाणी व बुंध्याभोवती पाचोळ्याचा थर यांत कसूर करू नये. उघड्या कातळावर व देशावरील कोरड्या हवेत हा खटाटोप न केलेलाच बरा. निलगिरीच्या पायथ्याशी बर्लियार व कल्लार येथील बागांत हा वृक्ष चांगला रुजला आहे, तो तेथील दमट हवेमुळे.

पहिले फळ आठ-दहा वर्षांनी, पुष्कळदा त्याहूनही उशिरा येते. फळ झाडावरून पडू न देता हाताने उतरवावे. मार लागल्यास साल कठीण होते व पिवळा चीक गरात उतरून त्यास कडू करतो.