अर्थार्जनातील अनिश्चितता आणि संन्यासाची हाक : पारखीचे काही निकष

प्रस्तावना :
पदवी हाती आहे, परंतु नोकरीचा भरवसा नाही, अशा काळात एखाद्या तरुणाच्या मनात संन्यस्त जीवनाचा विचार उद्भवला, तर त्याकडे सामान्यतः दोन टोकांनी पाहिले जाते. घरची माणसे त्यास पलायन ठरवितात, तर भाविक मंडळी ईश्वरी संकेत मानतात. असा विद्यार्थी अध्यापकाकडे सल्ल्यासाठी आला असता ही दोन्ही उत्तरे अपुरी पडतात. वस्तुतः या प्रश्नाचा विचार धर्मपरंपरांनी फार पूर्वीच केला आहे. त्यातील काही निकषांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मनाच्या अवस्थांची पारख :
ख्रिस्ती परंपरेत अशा हाकेस 'पाचारण' म्हणतात. त्याच्या पारखीची पद्धतशीर मांडणी इग्नेशियस लोयोला यांनी केली. मे १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झाल्यामुळे त्यांची सरदारी कारकीर्द संपुष्टात आली. अंथरुणावर असताना पराक्रमाच्या कल्पनांनी मन काही काळ रमे, पण नंतर कोरडे पडे. संतचरित्रांच्या चिंतनानंतर मात्र प्रसन्नता टिकून राही. विचार किती मोहक आहे, यापेक्षा तो मागे काय ठेवून जातो, हे पाहण्याची दृष्टी त्यांना येथे लाभली. १५४८ मध्ये मुद्रित झालेल्या त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथातील एक नियम येथे विशेष महत्त्वाचा आहे. मन विषण्ण असताना पूर्वीचा निर्णय बदलू नये, असे तो सांगतो. नोकरीतील नकाराच्या दुसऱ्याच दिवशी घेतलेला संन्यासाचा निर्णय या कसोटीस उतरत नाही. स्वतः इग्नेशियस यांना धर्मगुरुपदाची दीक्षा १५३७ मध्ये, म्हणजे त्या घटनेनंतर सोळा वर्षांनी मिळाली.

नरेंद्रनाथ दत्त यांचे उदाहरण :
भारतीय संदर्भात नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढील काळातील स्वामी विवेकानंद, यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १८८४ च्या आरंभी त्यांचे वकील वडील निवर्तले. घरावर कर्ज होते, नातेवाइकांशी राहत्या घराचा दावा सुरू झाला आणि आई व भावंडांचा भार या तरुण पदवीधरावर आला. कलकत्त्यातील कचेऱ्यांचे उंबरठे झिजवूनही त्यांना स्थिर नोकरी मिळाली नाही. काही काळ त्यांनी शाळेत अध्यापन केले. याच दिवसांत दक्षिणेश्वर येथे कालीमातेपुढे घरच्या विवंचनेसाठी मागणे मागण्यास गेले असता, त्यांनी विवेक, वैराग्य, ज्ञान व भक्ती मागितली, असे चरित्रकार नमूद करतात.

तथापि, या प्रसंगानंतर त्यांनी तत्काळ गृहत्याग केला नाही, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. रामकृष्णांच्या निधनानंतर, १८८६ च्या उत्तरार्धात वराहनगर येथे मठ सुरू झाला. त्या काळातही नरेंद्रनाथ घराच्या दाव्याकडे लक्ष देत होते. पुढे खेतडीचे राजे अजितसिंग यांच्याकडून आईसाठी नियमित साहाय्याची तजवीजही त्यांनी केली. दारिद्र्य हे त्यांच्या वैराग्याचे कारण म्हणावे, तर वडील हयात असताना, घरात सुबत्ता असतानाच त्यांची ईश्वरजिज्ञासा जागृत झाली होती. आर्थिक संकटाने ती निर्माण केली नाही. तिची कसोटी मात्र घेतली.

ऋण, अनुमती आणि उमेदवारी :
व्यक्तीच्या अंतःकरणातील हेतू बाहेरून ओळखता येत नाही. म्हणूनच परंपरांनी काही बाह्य अटी घातल्या. बौद्ध विनयानुसार उपसंपदेपूर्वी उमेदवारास तो ऋणमुक्त आहे काय, राजसेवेतून मोकळा आहे काय, मातापित्यांची अनुमती आहे काय, असे प्रश्न विचारले जातात. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेनुसार फेडता न येणाऱ्या कर्जाने ग्रस्त व्यक्तीस संन्यस्त संघाच्या उमेदवारीत प्रवेश देता येत नाही. ही उमेदवारी किमान बारा महिन्यांची असते. त्यानंतरची तात्पुरती व्रते किमान तीन वर्षांची असून, आजन्म व्रते त्यापुढे येतात. कौटिल्याने तर स्त्री-पुत्रांच्या निर्वाहाची सोय न करता प्रव्रज्या घेणाऱ्यास दंड सांगितला आहे. महाराष्ट्रास विठ्ठलपंतांची कथा परिचित आहे. संन्यास घेतलेल्या विठ्ठलपंतांना, त्यांची पत्नी हयात असल्याचे कळताच गुरूंनी गृहस्थाश्रमात परत पाठविले आणि त्या निर्णयाची झळ ज्ञानेश्वरादी भावंडांना सोसावी लागली, असे परंपरा सांगते.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, अर्थार्जनातील अनिश्चितता ही हाकेचा पुरावाही नव्हे आणि तिचे खंडनही नव्हे. अध्यापकाने विद्यार्थ्यास निर्णय देण्याऐवजी तीन प्रश्न द्यावेत. ही ओढ अडचणीपूर्वी होती काय? उद्या मनासारखी नोकरी मिळाली तरी ती टिकेल काय? आणि ज्यांचा भार आपल्यावर आहे, त्यांची व्यवस्था काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत नोकरीचे अर्ज करीत राहणे, शैक्षणिक कर्जाचे हप्ते फेडणे आणि नित्य साधना चालू ठेवणे यांत परस्परविरोध नाही. या काळात मठात वा संघात वारंवार राहून तेथील दिनक्रम अनुभवता येतो. त्यातून ओढ विरली, तर कुटुंबाचे व विद्यार्थ्याचे नुकसान होत नाही. आणि टिकली, तर मागे कोणाचे देणे न ठेवता त्यास निघता येते.