डॉक्टर यंग यांचे रिकामे उद्योग

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे वर्दिंग हे दोनशे वर्षांपूर्वी हवापालटाचे गाव होते. लंडनमधली सुखवस्तू मंडळी उन्हाळ्यात समुद्रस्नानासाठी तिथे येऊन राहत. त्यांच्यामागोमाग एक डॉक्टरही दर वर्षी तिथे दवाखाना थाटत. १८१४च्या उन्हाळ्यात या डॉक्टरांनी आपल्याबरोबर एका शिलालेखाची नक्कल नेली होती. त्या शिलालेखात तीन लिप्या होत्या. त्यातल्या दोन वाचता येणारा माणूस त्या वेळी पृथ्वीवर कुठेही नव्हता. रुग्ण तपासून झाले की डॉक्टर त्या कागदापाशी बसत.

त्यांचे नाव थॉमस यंग, वय ४१. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलचे ते फिजिशियन. यंग हे नाव नेत्रतज्ज्ञांना, भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि इंजिनियरांना वेगवेगळ्या कारणांनी ठाऊक असते. पण हा सगळा एकाच माणसाचा उद्योग आहे, याची अनेकांना कल्पना नसते. प्रकाश लहरींसारखा वागतो हे दाखवणारे ते, आणि पदार्थाचा ताठपणा मोजणारा ‘यंगचा गुणांक’ही त्यांचाच. जवळचे आणि लांबचे पाहताना डोळ्यातले भिंग आपला आकार बदलते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग करून दाखवले. बदल बाहेरच्या पारदर्शक पटलात होत नाही याची खात्री करायला त्यांनी डोळा पाण्यात ठेवून मोजमाप केले. वयानुसार भिंगाची ही लवचिकता कमी होते, तेव्हा आपल्याला चाळिशी लागते. चष्म्याच्या चिठ्ठीवर ‘सिलिंड्रिकल’ म्हणून जो नंबर लिहितात, तो डोळ्याचा दोषही त्यांनी १८०१मध्ये वर्णन केला, तोही स्वतःच्याच डोळ्यात सापडलेला. जुन्या डॉक्टरांना लहान मुलांच्या डोसाचा ‘यंगचा नियम’ही आठवत असेल: मुलाच्या वयाला वय अधिक बाराने भागायचे आणि मोठ्यांच्या डोसाचा तेवढा भाग द्यायचा. चार वर्षांच्या मुलाला पाव, बारा वर्षांच्याला अर्धा. (आता डोस मुख्यतः वजनावर ठरतो, तेव्हा हा हिशेब कोणी घरी करू नये.)

भाषांचा नाद मात्र या सगळ्याच्या आधीचा. १७७३मध्ये सॉमरसेटमधल्या एका क्वेकर कुटुंबात जन्मलेला हा मुलगा दोन वर्षांचा असताना वाचू लागला होता. चौदाव्या वर्षापर्यंत ग्रीक आणि लॅटिन पक्की झाली होती; हिब्रू, अरबी, फारसी यांची तोंडओळख झाली होती. पुढे जर्मनीत ग्यॉटिंगेनला वैद्यकीची पदवी घेताना त्यांनी मानवी आवाजावर भाषण दिले आणि त्यासाठी ४७ अक्षरांची एक वर्णमाला रचली. माणसाच्या घशातून, तोंडातून निघू शकणारा प्रत्येक ध्वनी या अक्षरांनी लिहिता यावा, अशी कल्पना होती. कंठापासून ओठांपर्यंत क्रमाने जाणारी ‘क ख ग घ’ ज्यांनी पाटीवर गिरवली, त्यांना यात फार नवल वाटणार नाही. पण युरोपच्या ए-बी-सी-डीत असा कसलाच क्रम नाही. शरीरशास्त्र शिकणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलाला भाषा ही जीभ, टाळू आणि स्वरयंत्राची करामत म्हणून दिसली, ती अशी.

डॉक्टरांच्या अशा छंदांकडे लोक तेव्हाही संशयाने पाहत. डॉक्टर लिप्या उलगडत बसतात म्हणजे रुग्णांकडे लक्ष नसणार! यंग यांना ही भीती इतकी होती, की वैद्यकाबाहेरचे बरेचसे लेखन त्यांनी वर्षानुवर्षे निनावी छापले. १८१३मध्ये असाच एक निनावी लेख आला. जगातल्या भाषांचे नमुने गोळा केलेल्या एका जर्मन ग्रंथाचे ते परीक्षण होते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, हे कलकत्त्याचे न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८६मध्येच मांडले होते. यंग यांनी या लेखात त्या कुळाला ‘इंडो-युरोपियन’ हे नाव दिले. आज मराठीचे कूळ सांगताना आपण जो शब्द वापरतो, तो एका डॉक्टरने फावल्या वेळात केलेला आहे.

त्याच ग्रंथातल्या एका टिपेने त्यांना वर्दिंगच्या त्या कागदापर्यंत नेले. इजिप्तमधल्या शिलालेखाची अज्ञात लिपी तिसेक अक्षरांत बसवता येईल, असे त्या टिपेत म्हटले होते.

तो शिलालेख म्हणजे रोझेटा शिळा. १७९९मध्ये नेपोलियनच्या सैनिकांना ती इजिप्तमध्ये सापडली आणि १८०२पासून ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वर चित्रलिपीच्या तुटक्या १४ ओळी, मध्ये रोजच्या व्यवहाराच्या ‘डेमोटिक’ लिपीच्या ३२ आणि खाली ग्रीक भाषेतल्या ५४. मजकूर तिन्हीकडे एकच, इसवी सनापूर्वी १९६मधला, राजा पाचव्या टॉलेमीच्या गौरवाचा. ग्रीक वाचता येत होती. म्हणजे उत्तर हाताशी होते, प्रश्नच वाचता येत नव्हता.

यंग यांनी मोजायला सुरुवात केली. ग्रीक मजकुरात ‘राजा’ किती वेळा येतो, ‘टॉलेमी’ किती वेळा, ‘आणि’ किती वेळा? मग मधल्या लिपीत साधारण तितक्याच वेळा आणि तितक्याच अंतरावर येणारा चिन्हांचा पुंजका शोधायचा. असे एकेक खुंट ठोकत त्यांनी ओळीखाली ओळ जुळवली आणि बऱ्याच शब्दांच्या जोड्या लावल्या. त्यांच्या नजरेला आणखी एक गोष्ट पडली. डेमोटिकमधली काही चिन्हे म्हणजे वरच्या चित्रांचीच घाईने गिरवलेली रूपे होती. म्हणजे ही लिपी निव्वळ तीस अक्षरांची असणे शक्य नव्हते. तिच्यात ध्वनी आणि चित्रे यांची सरमिसळ होती. चित्रलिपीत लांबट चौकटीत लिहिलेले नाव टॉलेमीचे धरून त्यांनी प, त, म अशा काही चिन्हांचे उच्चारही बरोबर ओळखले. १८१९मध्ये एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या पुरवणीत हे छापून आले. अर्थात निनावी.

इथवर आलेला माणूस तिथेच थांबला. असे उच्चाराप्रमाणे लिहिणे फक्त परक्या राजांच्या नावांपुरते असावे, बाकी चित्रे म्हणजे कल्पना, असे त्यांनी धरले. टॉलेमी वंशाने ग्रीक होता, म्हणून त्याच्या नावापुरती सोय केलेली.

मोजण्यावरचा हा भरवसा त्यांना दुसऱ्या एका ठिकाणी चांगलाच महागात पडला. त्याच १८१९मध्ये त्यांनी एक हिशेब मांडला: दोन भाषांत किती शब्द सारखे निघाले, तर त्यांचा संबंध आहे असे मानावे? एका शब्दावरून काहीच सिद्ध होत नाही. तीन जुळले तर योगायोग नसण्याची शक्यता दहास एकपेक्षा जास्त, सहा जुळले तर सुमारे सतराशेस एक, आठ जुळले तर लाखाच्या घरात. कल्पना तिच्या काळाच्या खूप पुढे होती. पण मग त्यांनी ती स्पेनमधल्या बास्क भाषेला आणि प्राचीन इजिप्तच्या भाषेला लावली, सहा शब्द सारखे काढले आणि फार पूर्वी इजिप्शियन लोक स्पेनमध्ये जाऊन वसले असावेत, असा निष्कर्ष काढला. या दोन भाषांचा काही संबंध नाही. गणित चुकले नव्हते. शब्द निवडणारी नजर चुकली होती. हजारो शब्दांतून सारखे वाटणारे शोधत बसले की सहा कुठेही सापडतात. चांगला डॉक्टरही असा फसतो: शंभर तपासण्या केल्या की दोनचार आकडे मर्यादेबाहेर येणारच, आणि त्यातून नसलेला आजार उभा राहतो. आपल्या ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थ एक, उच्चार जवळजवळ एक, नाते शून्य. उलट ‘चाक’ आणि ‘व्हील’ कानाला परके वाटतात, पण ते सख्ख्या कुळातले. आज मोबाइलवर फिरणाऱ्या ‘अमुक इंग्रजी शब्द मूळचा आपलाच’ छापाच्या निरोपांत हीच चूक रोज होते, फक्त यंग यांचा हिशेब त्यात नसतो.

पुढचे काम झाँ-फ्रान्स्वा शांपॉल्याँ या फ्रेंच तरुणाने केले. यंग यांच्यापेक्षा तो सतरा वर्षांनी लहान. इजिप्तच्या ख्रिस्ती धर्मविधींत टिकून राहिलेली कॉप्टिक भाषा म्हणजे त्या जुन्या भाषेचीच लेक. या मुलाने तिच्यात स्वतःला बुडवून घेतले होते; मनात येईल ते तो कॉप्टिकमध्ये उलथवून पाही, एकटाच तिच्यात बोले. १८२२च्या सप्टेंबरमध्ये त्याच्यासमोर एका खूप जुन्या राजाच्या नावाची नक्कल आली. पहिले चिन्ह सूर्याचे. कॉप्टिकमध्ये सूर्य म्हणजे ‘रे’. मधल्या चिन्हाने त्याला कॉप्टिकमधला ‘जन्म देणे’ या अर्थाचा ‘मीसे’ आठवला. शेवटी दोनदा ‘स’. रामसेस! हा राजा ग्रीकांच्या हजार वर्षांआधीचा, अस्सल इजिप्तचा. म्हणजे उच्चारांची चिन्हे परक्या नावांपुरती नव्हतीच. यंग यांनाही थोडी कॉप्टिक येत होती. पण कोशात पाहून शब्द ओळखणे वेगळे आणि तो आपणहून ओठांवर येणे वेगळे.

२७ सप्टेंबरला पॅरिसमध्ये शांपॉल्याँने आपला शोध वाचून दाखवला, तेव्हा यंग श्रोत्यांत होते. आपल्या पायावर चढवलेल्या इमारतीत आपले नाव जेमतेम दिसते, याचे त्यांना वाईट वाटले. पुढच्याच वर्षी त्यांनी या विषयावर पुस्तक काढले आणि आता मात्र त्यावर स्वतःचे नाव घातले. श्रेयाचा हा वाद इंग्लंड-फ्रान्समध्ये पुढेही रेंगाळला. यंग यांनी दारापर्यंत नेले आणि कुलूप शांपॉल्याँने उघडले, इतके म्हणणे दोघांवरही अन्याय करणारे नाही. १८२८मध्ये यंग पुन्हा पॅरिसला गेले, तेव्हा लूव्हर संग्रहालयाची इजिप्शियन दालने सांभाळणाऱ्या शांपॉल्याँने त्यांना डेमोटिक लिपीतली कागदपत्रे मोकळ्या मनाने पाहू दिली.

त्या लिपीचा कोश करण्याचे काम यंग यांनी हाती घेतले होते. १८२९च्या वसंतात त्यांची तब्येत ढासळली. दम लागे, अशक्तपणा वाढत चालला होता. अंथरुणावर असतानाही ते कोशावर काम करत. लेखणी धरवेना तेव्हा त्यांनी पेन्सिल घेतली. एवढी दगदग करू नका, असे भेटीला आलेल्या मित्राने सांगितले. आजवर एकही दिवस रिकामा घालवला नाही याचे आपल्याला समाधान आहे, असे त्यांचे उत्तर होते. १० मे १८२९ रोजी ते गेले, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. कोश त्यांच्या मागे छापला गेला.