थांबणारा माग आणि धावणारी मोटार

जपानातील नागोया शहरी, रेल्वे स्थानकापासून फारशा दूर नसलेल्या जागी, तांबड्या विटांची एक जुनी कापडगिरणी जतन करून ठेवलेली आहे. आणि टोयोटा मोटारींचा इतिहास पाहण्याच्या उत्सुकतेने जो कोणी तेथे पाऊल टाकतो, त्याच्या दृष्टीस आधी पडतात ते माग. प्रवेशापाशीच १९०६ सालच्या संकल्पनेचा गोल आकाराचा एक अजस्र माग उभा आहे. त्यापुढे सूत काढण्याची आणि विणण्याची यंत्रे ओळीने मांडलेली आहेत. आणि हा सारा विभाग ओलांडल्यावाचून मोटारींच्या दालनात पोहोचता येत नाही. १९९४ साली उघडलेल्या या संग्रहालयाची मांडणी निव्वळ कालक्रमास धरून झाली असेल, परंतु तिच्यात टोयोटा या संस्थेचे मर्म सामावलेले आहे. जगातील अग्रगण्य मोटार-कारखानदारांत जिची गणना होते त्या या संस्थेची कीर्ती, काम बिघडताच यंत्राने आपण होऊन थांबावे या मागाच्या एका युक्तीतून उगवली. आणि तिच्यावर जेव्हा जेव्हा नामुष्कीचा प्रसंग आला, तेव्हा तेव्हा तो त्याच युक्तीचा विसर पडल्यामुळे आला.

या युक्तीचा पुरस्कर्ता साकिची टोयोडा १८६७ साली, म्हणजे मेइजी क्रांतीच्या आदल्याच वर्षी, हल्लीच्या शिझुओका प्रांतातील एका खेड्यात सुताराच्या पोटी जन्मला. गावातील घरोघर बायका हातमागावर बसत. साकिचीची आईही बसे. बापाच्या हाताखाली रंधा-पटाशी चालविणाऱ्या या मुलाला आपले कसब मागावर खर्ची घालण्याचा ध्यास लागला, आणि १८९० साली टोकियोच्या उएनो बागेत भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनातील यंत्रांपुढे तो दिवसचे दिवस तिष्ठत उभा राहिला. पुढल्याच वर्षी एका हाताने चालविता येईल अशा लाकडी हातमागाबद्दल त्याला पेटंटाची सनद मिळाली. त्यानंतर काही वर्षांतच त्याने वाफेच्या बळावर चालणारा माग सिद्ध केला. कंपन्या काढल्या, भागीदारांशी बिनसल्यामुळे सोडल्या, पुन्हा काढल्या. पण मागाची पाठ काही सोडली नाही.

त्याने काय साधले हे ध्यानी येण्यास मागाजवळ थोडे उभे राहावे लागते. उभ्या धाग्यांच्या ताण्यातून धोटा इकडून तिकडे धावतो आणि आडव्या बाण्याचा धागा मागे टाकीत जातो. हातमागावर धागा तुटला तर विणकराच्या बोटांना ते तत्काळ कळते. यंत्रमागाला बोटे नाहीत, त्यामुळे धागा तुटला तरी यंत्र इमानेइतबारे हालतच राहते आणि वारभर कापड नासून जाते. म्हणून त्यावर डोळ्यांत तेल घालून पाहणारा माणूस ठेवावा लागतो. यावर उपाय असा, की बाण्याच्या वाटेवर एक हलका काटा ठेवायचा. धोट्यामागून धागा आला तर तो काट्याला लोटतो, न आला तर काटा जागच्या जागी राहून एका तरफेत अडकतो आणि माग बंद पडतो. तीच गोष्ट ताण्याची. प्रत्येक धाग्याने एकेक पातळ पत्री उचलून धरलेली असते. धागा तुटला की पत्री खाली पडते आणि तिच्या पडण्यानेच यंत्राची गती खुंटते. अशा युक्त्या विलायती मागांतही थोड्याबहुत होत्या, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्या सर्वांचा मेळ घालून, शिवाय कांडीवरचे सूत संपत येताच भरलेला धोटा माग न थांबविता आपोआप बदलण्याची सोय करून, साकिची आणि त्याचा मुलगा किइचिरो यांनी १९२४ साली जो ‘जी’ जातीचा माग पुरा केला, तो त्या काळच्या उत्तमोत्तम यंत्रांच्या पंक्तीस बसला. जो माग धागा तुटता आपणच थांबतो त्याच्याजवळ कोणी पहारा देत उभे राहण्याचे कारण उरत नाही. एक कामगार तीस-तीस माग सांभाळू शकतो.

या शेवटच्या वाक्याला दुसरी बाजू आहे, आणि ती मुंबईच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून जपानी गिरण्यांकडे जात असे, आणि त्या वाहतुकीसाठी जमशेटजी टाटांच्या साह्याने १८९३ साली मुंबई-कोबे अशी आगबोटींची फेरीही सुरू झाली होती. पुढे त्याच जपानी गिरण्यांचे कापड मुंबईच्या कापडाशी स्पर्धा करू लागले, तेव्हा येथील गिरणीमालकांनी साळखात्यात दोनांऐवजी तीन साचे एका कामगाराच्या माथी मारण्याची तजवीज केली, आणि १९२८ सालच्या सहा महिन्यांच्या प्रचंड संपास जी कारणे झाली त्यांत हे एक ठळक होते. यंत्र न बदलता माणसावर बोजा वाढविणे आणि यंत्राला जाण देऊन माणसाचा बोजा उतरविणे यांत महदंतर आहे. तथापि दोन्ही मार्गांनी काही माणसांची गरज संपते, ही गोष्टही विसरता येत नाही.

ज्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने मुंबईची पहिली कापडगिरणी उभारण्यास कावसजी दावर यांना यंत्रे पुरविली, त्याच कंपनीने १९२९ साली टोयोडांच्या मागाचे हक्क एक लाख पौंडांस घेण्याचा करारनामा केला. लँकेशायरने साऱ्या जगाला यंत्रविद्या शिकविली होती. आता सुताराच्या मुलाकडून एक धडा ते स्वतः विकत घेत होते. याच रकमेवर मोटारीचा कारखाना उभा राहिला अशी आख्यायिका आहे, पण जमाखर्च इतका सोपा नव्हता. मोटारीच्या प्रयोगांची तोशीस मुख्यत्वे मागांच्या कारखान्यानेच वर्षानुवर्षे सोसली. १९३० साली साकिची निवर्तला. टोकियोच्या विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकलेल्या किइचिरोने १९३३ साली करिया येथील मागांच्या कारखान्यातच मोटारींचे खाते उघडले, एक शेव्हरोले गाडी विकत घेऊन तिचा खिळा न् खिळा सुटा केला, आणि मागांचे सांगाडे ओतणाऱ्या कामगारांना इंजिनाचे ठोकळे ओतण्यास बसविले. ते ठोकळे पुन्हापुन्हा सदोष निघत. १९३५ साली बाजारात आलेले मालमोटारींचे पहिले नग रस्त्यात मोडून पडत आणि त्यांच्यामागे दुरुस्तीची माणसे धाडावी लागत. १९३६ साली पहिली प्रवासी मोटार निघाली. १९३७ साली घराण्याच्या नावात किंचित फेर करून टोयोटा मोटार कंपनीची स्थापना झाली. आणि ज्या कोरोमो गावाशेजारी तिचा मोठा कारखाना वसला, त्या गावानेही १९५९ साली कंपनीचेच नाव धारण केले.

पराभूत जपानात चलनवाढ रोखण्यासाठी १९४९ साली जे कडक उपाय योजण्यात आले, त्यांनी ही कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आणून सोडली. बँकांनी कर्ज दिले ते माणसे कमी करण्याच्या अटीवर. कामगारांनी दीर्घ संप पुकारला. आणि अखेरीस सुमारे पाव हिश्शाएवढे कामगार घरी गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर किइचिरोनेही अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्याच महिन्याच्या शेवटी कोरियाचे युद्ध पेटले, अमेरिकी सैन्याकडून मालमोटारींची मागणी आली आणि कंपनी तरली. पण किइचिरो परतला नाही, १९५२ साली वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तो वारला. दुसऱ्याच्या युद्धाने वाचलेल्या या संस्थेने त्या संकटातून एकच बोध घेतला: न खपणारा माल करून ठेवणे म्हणजे बुडणे.

या बोधाला कार्यपद्धतीचे रूप दिले ते ताइइची ओनो याने. हा गृहस्थ मूळचा टोयोडांच्या कापडगिरणीतला. १९४३ साली तो मोटारींकडे आला, आणि गिरणीत एकेक कामकरीण कितीतरी माग सांभाळीत असता येथे एका यंत्राला एक माणूस कशासाठी जखडलेला, हा प्रश्न त्याला पडला. प्रथम त्याने एका माणसाकडे दोन यंत्रे दिली, मग तीन-चार. आणि प्रत्येक यंत्राला मागाप्रमाणे दोष ओळखून थांबण्याची जाण दिली. पुढल्या खात्याने जेवढे सुटे भाग उचलले तेवढेच मागल्या खात्याने घडवावेत, आणि त्याची सूचना देणारी चिठ्ठी भागांच्या पेटीसोबतच फिरावी, असा शिरस्ता त्याने घातला. त्यामुळे कोठारात मालाचे ढीग साचेनासे झाले. जोडणीच्या रांगेवर त्याने मागाची पत्री माणसाच्या हाती दिली. रांगेच्या कडेने एक दोरी गेलेली असते. आपल्यासमोरच्या गाडीत दोष दिसला की कोणाही कामगाराने ती ओढावी, डोक्यावरच्या फलकावर त्या जागेचा दिवा लागावा, मुकादमाने धावून यावे, आणि ठराविक टप्प्याआधी दोष निस्तरला नाही तर सबंध रांग थांबावी. ज्या उद्योगात रांगेची खोटी म्हणजे महापाप, त्यात थांबविण्याचा अधिकार सर्वांत कनिष्ठ हुद्द्याच्या माणसास देणे हे केवढे धाडस होते!

थांबल्यावर काय करावे, हेही ओनोने घालून दिले आहे. दोष कोणाचा हे न विचारता तो का घडला हे पाच-पाच वेळा विचारावे. त्यानेच दिलेले उदाहरण असे: यंत्र बंद का पडले? भार वाढून फ्यूज उडाला म्हणून. भार का वाढला? बेअरिंगला पुरेसे वंगण मिळाले नाही. का मिळाले नाही? वंगणाचा पंप नीट ओढीत नव्हता. तो का ओढीत नव्हता? त्याचा दांडा झिजला होता. दांडा का झिजला? गाळणी नसल्याने धातूचा कीस आत शिरला. पहिल्या उत्तरापाशी जो थांबेल तो नवा फ्यूज बसवून घरी जाईल, आणि आठवड्याने पुन्हा त्याच यंत्रापाशी येईल.

टोयोटा गाडीचे जे आकर्षण आहे ते या गाळणीत आहे. इटालियन गाडीचे लावण्य किंवा जर्मन गाडीचा दिमाख तिच्यात क्वचितच सापडतो. ती रुक्ष आहे, असा रसिकांचा तिच्यावर जुना आक्षेप आहे, आणि तो पुष्कळ अंशी खरा आहे. १९५७ साली अमेरिकेस पाठविलेली ‘क्राउन’ तेथील वेगवान महामार्गांवर धापा टाकू लागली आणि कंपनीला तिची तेथील विक्री थांबवावी लागली. परंतु १९६५ साली ‘कोरोना’ घेऊन ती पुन्हा गेली, आणि १९६६ साली जन्मलेल्या ‘कोरोला’चे खपाचे आकडे पुढे कोट्यवधींवर गेले. ‘लँड क्रूझर’ आणि ‘हायलक्स’ या गाड्यांनी वाळवंटे आणि रानवाटा तुडविल्या. १९८७ साली चाड आणि लिबिया यांच्यात झालेल्या लढाईला तर ‘टोयोटा युद्ध’ हेच नाव पडले, जे कोणत्याही कारखानदाराने जाहिरातीत छापावे असे नाही. आपल्याकडे २००० साली ‘क्वालिस’ आणि २००५ साली ‘इनोव्हा’ आली. अष्टविनायक किंवा शिर्डीच्या यात्रेकरूंना घेऊन बारमाही धावणाऱ्या भाड्याच्या गाडीवाल्यास तिच्याविषयी विचारावे, तर तो रूपाचे वर्णन करीत नाही. ती किती लाख किलोमीटर चालली आणि जुनी विकताना किती पैसे देते, एवढेच सांगतो. गाडीचे वाखाणण्याजोगे गुण पुष्कळ असू शकतात. पण पहाटे तीनला घाटात दगा न देणे हा गुण ज्याला लागतो, त्याला इतर गुणांची मातब्बरी वाटत नाही.

ही रीत जपान्यांच्या रक्तातच असते, असा एक समज प्रचलित होता. तो १९८४ साली कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे खोटा ठरला. जनरल मोटर्सचा तेथील बंद पडलेला कारखाना दोन्ही कंपन्यांनी भागीदारीत पुन्हा चालू केला, आणि गैरहजेरी व तंटेबखेड्यांबद्दल बदनाम झालेल्या त्याच कामगारांपैकी बहुसंख्यांना परत घेतले. काहीही झाले तरी रांग थांबवायची नाही असा पूर्वी दंडक होता; आता दोरी त्यांच्या हाती आली, आणि थोड्याच अवधीत त्या कारखान्यातील गाड्या जपानी गाड्यांच्या तोडीच्या निघू लागल्या.

आणि ही रीत टोयोटाच्याही रक्तात नाही, हे पुढे तिनेच सिद्ध केले. २००८ साली जनरल मोटर्सला मागे टाकून ती विक्रीत जगात पहिली आली, आणि लगोलग वेगपट्टी अडकून गाडी अनावर होत असल्याच्या तक्रारींवरून तिला लक्षावधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये किइचिरोचा नातू आकिओ टोयोडा याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे क्षमा मागताना, आपली वाढ अतिवेगाने झाली असावी अशी कबुली दिली. ग्राहकांपासून माहिती दडविल्याबद्दल २०१४ साली कंपनीने अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर दंड भरला. २०२३ च्या अखेरीस तिच्याच कुटुंबातील दाइहात्सु कंपनीने सुरक्षेच्या चाचण्यांत वर्षानुवर्षे लबाडी केल्याचे उघड झाले आणि सर्व गाड्यांची रवानगी थांबली. कारखान्यातील कामगाराला जी मुभा होती, ती मुदतीच्या ओझ्याखाली दबलेल्या चाचणी-खात्यातील इंजिनियराला उरली नव्हती. धागा तुटला होता आणि माग चालूच होता.

महाराष्ट्राचा या घराण्याशी आलेला संबंधही मागाच्याच वाटेने आला. साकिचीहून दोनच वर्षांनी लहान असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून लोखंडी नांगर घडविले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्या चौथ्या पिढीतील विक्रम किर्लोस्कर यांनी १९९५ साली टोयोडांशी पहिली भागीदारी केली ती सूतकताईच्या यंत्रांची. मोटारींची कंपनी १९९७ साली निघाली आणि तिचा कारखाना बंगळूरजवळ बिडदी येथे उभा राहिला. जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथे सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या नव्या कारखान्यासाठी महाराष्ट्र शासनाशी करार झाला. असा कारखाना उभा राहिला की वर्तमानपत्रांतून दिवसाकाठी किती गाड्या निघतात याचे आकडे येतील, आणि त्यांत गैर काही नाही. परंतु तो जिल्हा पैठणीचा आणि हिमरूचा आहे. धागा तुटल्यावर हात आवरला नाही तर वस्त्राची काय गत होते, हे तेथे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून त्या कारखान्याची पारख करताना एक प्रश्न अगत्याने विचारावा, की कालपरवा कामावर लागलेल्या, अद्याप कायम न झालेल्या पोराने दोरी ओढली तर मुकादम त्याला काय म्हणतो? त्या उत्तरावरून तेथून निघणारी गाडी घेण्यालायक आहे की नाही, हे गिऱ्हाइकाला बिनदिक्कत ठरविता येईल.