पुण्यस्मरण

निधन पावलेल्या आप्ताच्या किंवा आदरणीय व्यक्तीच्या जीवनाचे, तिला प्रत्यक्ष ओळखणाऱ्यांनी केलेले स्मरण. मराठीत हा शब्द प्रामुख्याने मृत्यूच्या वार्षिक तिथीस उद्देशून वापरला जातो आणि त्यामुळे वर्षश्राद्ध, पुण्यतिथी व पुण्यस्मरण हे शब्द पुष्कळदा समानार्थी समजले जातात. तथापि त्यांत भेद आहे. श्राद्ध हा मृताच्या पारलौकिक गतीसाठी करावयाचा विधी असून त्यात त्याचे नाव, गोत्र व नाते एवढेच उच्चारले जाते. पुण्यतिथीत दिवसाला महत्त्व असते. पुण्यस्मरणात मात्र ती व्यक्ती कशी होती, काय बोलत असे, कशी वागत असे, हे सांगणे अभिप्रेत आहे. हे सांगू शकणारी माणसे एखाद्‌दुसऱ्या पिढीपुरतीच असतात. ती गेल्यावर तिथी व आख्यायिका उरतात. आठवणी वेळीच नोंदविल्या गेल्या असतील, तर त्या उरतात. महाराष्ट्रात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या दोहोंची ठळक उदाहरणे मिळतात : पहिल्याचे तेर (जि. धाराशिव) येथे व दुसऱ्याचे ऋद्धिपूर (जि. अमरावती) येथे.

हिंदूंच्या और्ध्वदेहिक विधींत मृत व्यक्तीचे वैशिष्ट्य टिकविण्यापेक्षा ते हळूहळू विसर्जित करण्याकडे कल दिसतो. दहनाच्या वेळी पाण्याचे मडके खांद्यावर घेऊन प्रेताभोवती प्रदक्षिणा घालताना ते ज्या दगडाने फोडतात, तो अश्मा किंवा जीवखडा दहा दिवस जपून ठेवतात व त्यावर तिलांजली देतात. त्या अवधीत मृताला ‘प्रेत’ ही संज्ञा असते. पुढे सपिंडीकरणाने त्याचा पिंड पिता, पितामह व प्रपितामह यांच्या पिंडांत मिसळला जातो आणि तो ‘पितर’ होतो. शास्त्राप्रमाणे हा विधी वर्षाअखेरीस करावयाचा. प्रत्यक्षात तो बहुधा बाराव्या दिवशीच उरकतात. श्राद्धात तीनच पिढ्यांची नावे घेतली जात असल्याने प्रत्येक नव्या मृत्यूबरोबर सर्वांत जुने नाव गळून पडते. भाद्रपद वद्य पक्षातील सर्वपित्री अमावास्या तर नामशेष झालेल्यांसकट सर्वांची असते.

या विधिमालिकेत मृताच्या व्यक्तिगत जीवनाला वाव मिळतो तो एकाच ठिकाणी, दहाव्या दिवशी. पिंडाला कावळा शिवला नाही, तर मृताची काही इच्छा राहिली, असे मानण्यात येते. मग जमलेले आप्त नदीकाठी उभे राहून ती इच्छा कोणती असावी, याचा शोध घेऊ लागतात. धाकट्या मुलीचे लग्न, अर्धवट राहिलेले घर, भावाशी मिटावयाचा राहिलेला तंटा, एखादा आवडीचा पदार्थ, असे एकेक आठवून ‘आम्ही ते पुरे करू’ असे बोलले जाते. कावळ्याविषयीच्या समजुतीचे मूल्य काहीही असो. गेलेल्या माणसाचे मन जाणून घेण्याचा हा खटाटोप म्हणजे पुण्यस्मरणच होय. एरवी वडीलधाऱ्यांसमोर न निघणारे विषयही त्या वेळी निघतात.

काही मृतांना विधीने जागाच दिलेली नाही. दोन वर्षांच्या आत दगावलेल्या बालकाचे दहन करू नये, त्याला पुरावे, त्यास उदकदान नाही, असे स्मृतिकारांचे सांगणे आहे. बालमृत्यू ही घरोघरची गोष्ट असलेल्या काळात आईबापांच्या या दुःखाला श्राद्धविधीत काही स्थान नव्हते. तेरच्या गोरोबांची कथा मराठी समाजात इतकी खोल का रुजली, याचे एक कारण येथे सापडण्याजोगे आहे.

तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर म्हणजे पेरिप्लस या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात उल्लेखिलेले तगर होय, हे जे. एफ्. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. तेथे सापडलेल्या मृण्मूर्ती, मणी, नाणी व मृद्‌भांडी रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविली व त्या संग्रहातून गावचे वस्तुसंग्रहालय उभे राहिले. सातवाहन काळातील या वैभवशाली नगरातील कुंभारांची कारागिरी आज हाताळता येते. तो माल घडविणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मात्र माहीत नाही. तेरचा जो एकच कुंभार नावानिशी ओळखला जातो, तो हजार वर्षांहून अधिक काळानंतरचा : संत गोरा कुंभार.

गोरोबांचा जन्म परंपरेनुसार १२६७ च्या सुमाराचा. समाधीची तिथी मात्र निश्चित सांगितली जाते : चैत्र वद्य त्रयोदशी, शके १२३९ (इ. स. १३१७). गावात त्यांचे समाधिमंदिर असून चैत्रात तेथे यात्रा भरते व मराठवाड्यातून दिंड्या येतात. त्यांच्या नावावर वीसच्या आसपास अभंग मिळतात. यापलीकडे त्यांच्या दैनंदिन जीवनाविषयी समकालीन असे फारसे काही हाती लागत नाही. ‘गोरोबाकाका’ या संबोधनात मात्र खऱ्या स्मृतीचा एक अंश शिल्लक राहिला असावा. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, नामदेव या संतमेळ्यात ते वयाने वडील, म्हणून बरोबरीचे त्यांना काका म्हणत, असे सांगतात. तसे म्हणणारी माणसे सातशे वर्षांपूर्वीच गेली. नाते तेवढे राहिले आणि सर्व महाराष्ट्र त्याच नात्याने त्यांना हाक मारू लागला.

बाकीची जागा आख्यायिकांनी भरली. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवीत असता गोरोबांचे रांगते मूल पायाखाली येऊन चिरडले गेले. पत्नीने घातलेली विठ्ठलाची शपथ त्यांनी कठोरपणे पाळली व अखेरीस आपले हात तोडून घेतले. पुढे पंढरपूरला नामदेवांच्या कीर्तनात टाळीसाठी थोटे हात वर करताच ते पूर्ववत झाले, आणि मूलही रांगत आईकडे आले. महीपतीच्या भक्तविजयामुळे (१७६२) ही कथा घरोघर पोहोचली. कीर्तनकार तिच्यात भक्तीची पराकाष्ठा पाहतात. श्रोत्यांतील स्त्रियांच्या डोळ्यांना पाणी येते ते मात्र बहुधा आईच्या विलापाला. ज्या मृत्यूसाठी विधी नव्हता, त्याला येथे उघडपणे रडता येत होते. मात्र आख्यायिका मृताला परत आणते, आणि त्यामुळे ते मूल कसे होते, हे सांगण्याचे तिला कारणच उरत नाही.

याच्या अगदी उलट प्रकार महानुभाव पंथात आढळतो. चक्रधरस्वामींचे प्रयाण नेमके केव्हा झाले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; सामान्यतः १२७४ च्या सुमारास ते झाले, असे मानतात. त्यांची तिथी वादग्रस्त राहिली, पण त्यांचे जगणे जवळजवळ दिवसागणिक माहीत आहे. त्यांच्या वियोगाने व्याकुळ झालेले नागदेवाचार्य ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिले व स्वामींच्या लीळा आठवीत दिवस कंठू लागले. पंथाने पुढे नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा या चहूंचे स्मरण हे साधनच मानले. माणसाचे नाव, त्याने केलेले, त्याचे दिसणे आणि त्याच्या हालचाली-लकबी, अशी ही चौकट आहे. प्रियजनाच्या स्मरणाचे इतके नेमके विश्लेषण अन्यत्र क्वचितच सापडेल.

नागदेवाचार्यांच्या मुखातून या आठवणी ऐकताना म्हाइंभटांना त्या लिहून ठेवण्याची निकड जाणवली. हे विद्वान गृहस्थ स्वतः होऊन कामाला लागले. नागदेवाचार्यांनी आपल्यासमोर घडलेले तेवढे सांगितले. इतर प्रसंग ज्यांच्यासमोर घडले, त्यांच्याकडून ते घ्यावेत, अशी त्यांची दृष्टी होती. त्याप्रमाणे म्हाइंभटांनी ठिकठिकाणी हिंडून शिष्यांना व स्वामींच्या सहवासात आलेल्या स्त्रीपुरुषांना गाठले आणि त्यांतून सु. १२७८ मध्ये लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठीतील हा आद्य गद्यग्रंथ मानला जातो. एखादे तत्त्वज्ञान मांडण्याच्या हेतूपेक्षा, नुकताच दुरावलेला माणूस विस्मृतीत जाऊ नये, या ओढीतून तो जन्मास आला, ही मराठी वाङ्‌मयाच्या इतिहासातील लक्षणीय घटना आहे. त्यात गावांची नावे येतात, जेवणातले पदार्थ येतात, महादाइसेचे न संपणारे प्रश्न येतात; शिकाऱ्यांपासून वाचविलेला ससाही येतो. निरोप्याचे व साक्षीदाराचे शब्द वेगळे ठेवण्याची दक्षता आजच्या संशोधकालाही आदर वाटावा अशी आहे.

चौदाव्या शतकाच्या आरंभी खलजी स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली, असे परंपरा सांगते. मग ज्यांना लीळा मुखोद्‌गत होत्या, त्यांनी त्या पुन्हा लिहून काढल्या आणि त्यामुळे ग्रंथाचे अनेक पाठ निर्माण झाले. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हाइंभटांनी गोविंदप्रभूंच्या निधनानंतर त्यांचेही चरित्र अशाच रीतीने संकलित केले. पुढे नागदेवाचार्य गेल्यावर (सु. १३०२) त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या आठवणींचा स्मृतिस्थळ हा ग्रंथ तयार झाला. आठवणी सांगणाऱ्याच्याच आठवणी गोळा होण्याचा हा क्रम मोठा अर्थपूर्ण आहे.

वारकरी परंपरेत असा गद्य संग्रह झाला नाही; तेथे हे कार्य नामदेवांच्या अभंगांनी केले. ज्ञानदेवांनी कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८ (१२९६) रोजी आळंदी येथे समाधी घेतली. त्यानंतर अल्पावधीतच सोपानदेव सासवडला, मुक्ताबाई तापीकाठी आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी निजधामास गेले. वडील भावाने धाकट्या तिघांना पोचवून मग जावे, असा हा क्रम. नामदेवांच्या नावावरील ‘समाधी’ प्रकरणात या वियोगाचे वर्णन आहे. त्यात समाधीची जागा झाडून साफ करणारे नामदेवांचे पुत्र नारा, विठा, गोंदा व महादा आहेत, सर्वांना धीर देता देता स्वतःच ढासळणारे निवृत्तिनाथ आहेत, आणि भक्तांसोबत शोक करणारा विठ्ठलही आहे. नामदेवगाथेत नंतरच्या कवींची रचना मिसळलेली असल्याने यांतील प्रत्येक अभंग नामदेवांचाच, असे म्हणता येत नाही. पण झाडलोट करणारी मुले कल्पनेने सुचावीत, असेही वाटत नाही.

चोखामेळ्यांच्या बाबतीत स्मरण आणि सामाजिक न्याय यांचा संबंध अधिक स्पष्ट होतो. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले (१३३८). ढिगाऱ्यातील अस्थींतून चोखोबांच्या अस्थी, विठ्ठलनामाचा ध्वनी ऐकून, नामदेवांनी ओळखून काढल्या व पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, अशी कथा आहे. हयातीत ज्यांना देवळात प्रवेश नव्हता, त्यांना मृत्यूनंतर दाराशी जागा मिळाली ती एका मित्राच्या आग्रहाने. त्याच ढिगाऱ्यात गेलेल्या इतर मजुरांची नावे कोणी सांगितली नाहीत.

संतांखेरीज इतरांच्या स्मरणाची साधने निराळी होती. लढाईत पडलेल्यांचे वीरगळ व सतीशिळा खेड्यापाड्यांत वेशीपाशी उभ्या दिसतात, परंतु बहुतेकांवर अक्षर नाही. अनेक घराण्यांत पूर्वजांचे धातूचे टाक देवघरात पूजिले जातात; नाशिककडे धुळवडीस ते हाती घेऊन वीर नाचवितात. ख्रिस्ती समाजात २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस असतो, मुसलमानांत तिसरा व चाळिसावा दिवस पाळतात, तर पारशी लोक वर्षाअखेरचे मुक्ताद मृतांच्या फ्रवशींसाठी राखून ठेवतात.

म्हाइंभटांच्या पद्धतीचे पुनरुज्जीवन विसाव्या शतकात झाले. न्या. म. गो. रानडे १९०१ मध्ये निवर्तल्यावर रमाबाई रानडे यांनी आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी (१९१०) लिहिल्या. सार्वजनिक चरित्रकाराला न दिसणारे रानडे त्यांत आहेत : पत्नीला शिकविणारे आणि घरातील वडील स्त्रियांचा रोष मुकाट्याने सोसणारे. रे. ना. वा. टिळक यांच्या निधनानंतर (१९१९) लक्ष्मीबाई टिळकांनी त्यांच्या आठवणी लिहावयास घेतल्या; त्यांतून १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेली स्मृतिचित्रे आकारास आली. पतीच्या विक्षिप्तपणावर मनमोकळे हसणाऱ्या या पुस्तकाने एक गोष्ट सिद्ध केली, की गेलेल्या माणसाचे दोष सांगितल्याने त्याच्यावरील प्रेम उणे होत नाही. लोकमान्य टिळकांच्या बाबतीत तर स. वि. बापट यांनी नाना थरांतील लोकांकडून आठवणी व आख्यायिका मागवून त्यांचे तीन खंड (१९२४–२८) प्रसिद्ध केले.

सामान्य कुटुंबांत आज पुण्यस्मरण दोन रूपांत दिसते. एक म्हणजे वृत्तपत्रातील छायाचित्रासह जाहिरात. तिची भाषा इतकी ठराविक असते, की नाव बदलले तरी मजकूर चालावा. दुसरे म्हणजे मराठवाड्यात विशेष रूढ असलेले कीर्तन. तेराव्या दिवशी किंवा वर्षअखेरीस ते ठेवतात व गावजेवण घालतात. कीर्तनकाराने मृताला बहुधा पाहिलेलेही नसते. घरच्यांनी सांगितलेल्या चार गोष्टी तो निरूपणाच्या ओघात गुंफतो. कीर्तन संपल्यावर मंडपात बसून राहिलेली म्हातारी माणसे जे बोलतात, ते अधिक मोलाचे असते.

कोविड-१९ च्या साथीत (२०२०–२१) अंत्यविधीस उपस्थितांची मर्यादा वीसवर आणली गेली व अनेकांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शनही झाले नाही. दहावा, तेरावा आणि मांडवातील बसणे-बोलणे यांपैकी अनेकांच्या बाबतीत काहीच पार पडले नाही. त्या काळात दूरदृश्य माध्यमातून शोकसभा भरू लागल्या. परगावी व परदेशी असलेले आप्त त्यांत सहभागी होऊन मृताविषयी आपापली आठवण सांगत. काही कुटुंबांनी या सभांचे ध्वनिमुद्रण जपून ठेवले आहे.