झोप आणि समाधी

'ध्यानाला बसलो की वीस-पंचवीस मिनिटं काहीच कळत नाही, उठल्यावर फार छान वाटतं. ही समाधी का?' असं बरेच जण विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, आणि फार जुनाही.

पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या: प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. आता बघा, निद्रा त्यांनी वृत्तींत धरली आहे. म्हणजे झोपेत चित्त थांबलेलं नसतं. कशावरून? व्यासभाष्यातला युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. सकाळी उठून आपण म्हणतो, छान झोप लागली. नाहीतर म्हणतो, अंग जड झालंय. ही आठवण झाली. अनुभवच नसेल तर आठवण येणार कुठून? तेव्हा झोपेतही अनुभव होता, भले तो अभावाचा असेल. आणि योग म्हणजे वृत्तींचा निरोध असेल, तर निद्रेचाही निरोध व्हायलाच हवा. नुसतं 'काही कळलं नाही' एवढ्यावर समाधी ठरत नाही.

मांडूक्य उपनिषद अवघ्या १२ मंत्रांचं. त्यात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय येतात. तुरीय म्हणजे चौथं. त्यामुळे ही जिन्याची वरची पायरी असावी असं वाटतं. अद्वैतात तसं नाही. पहिल्या तिन्ही अवस्था ज्या चैतन्याला भासतात, तेच तुरीय. फसवते ती सुषुप्ती, कारण द्वैत तिथेही दिसत नाही. फरक गौडपाद सांगतात: झोपेत अज्ञानाचं बीज शिल्लक असतं, तुरीयात नसतं. म्हणून तर माणूस झोपेतून उठतो तो जसाच्या तसा, कालच्या भांडणासकट!

सदानंदांच्या 'वेदान्तसारा'त निर्विकल्प समाधीचे चार अडथळे दिले आहेत. लय, विक्षेप, कषाय, रसास्वाद. आपला वरचा प्रश्न बहुधा लयाचा, म्हणजे चित्त पेंगण्याचा. उपाय सरळ आहे, चित्ताला जागं करा. (जेवून लगेच बसत असाल, तर आधी ते बंद करा.) विक्षेप, म्हणजे मनाचं भटकणं, सगळ्यांच्या ओळखीचं. कषायात दबलेल्या वासनांनी चित्त थिजून जातं.

मला सगळ्यात अवघड वाटतो तो रसास्वाद. इथे साधक झोपलेला नसतो, भटकतही नसतो. त्याला खरोखर आनंद मिळत असतो आणि तो त्यातच रमतो. गौडपादांनी त्या सुखातही गुंतू नका म्हटलंय. ध्यानात दाराची बेल वाजली की घरच्यांवर खेकसणारे साधक मी पाहिलेत. त्यांचं ध्यान खोटं नसतं, पण हातातली गोडी कुणी हिसकावली की राग येतोच ना?