व्हायोलिन मुलीचे, परीक्षा आमची

आमच्या थोरल्या मुलीने सातवीत असताना व्हायोलिन शिकायचा हट्ट धरला. दादीमांना ते फारसे पसंत नव्हते. अभ्यासाचे काय, नमाजच्या वेळेचे काय, शेजारीपाजारी काय म्हणतील, असे त्यांचे प्रश्न होते. शेवटी अब्बांनी तोड काढली: सहा महिने शिकू दे, मन लागले नाही तर वाद्य विकून टाकू. म्हणजे पोरीच्या हातात सहाच महिने होते, आणि त्यातले पहिले पाच आठवडे आमच्या अज्ञानात गेले.

दुकानातून पेटी, व्हायोलिन, गज असा सगळा संच आणला. घरी येऊन तिने गज तारांवर फिरवला, तर आवाजच नाही. थोडी खसखस झाली, बस्स. आम्हाला वाटले, वाद्यच खराब निघाले. भांडायला दुकानात गेलो. दुकानदारानेही नीट सांगितले नाही, नुसता गज आवळून परत दिला. खरी गोष्ट शिकवणीच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितली: नव्या गजाच्या केसांना राळ लावलेली नसते. ही राळ चीडच्या झाडाच्या डिंकापासून करतात, तिला रोझिन म्हणतात. तिची वडी केसांवर सावकाश घासल्याशिवाय केस तारेला पकडत नाहीत, आणि पकडले नाही तर तार थरथरत नाही. नव्या गजाला पहिल्या वेळी बराच वेळ घासावे लागते, पुढे रोज चार-पाच हात पुरतात. ती वडी पेटीच्या कप्प्यातच पडून होती. आम्ही तिला कसले तरी मेण समजलो होतो.

दुकानदाराने आवळलेल्या गजाने वेगळेच नुकसान केले. गजाची काठी केसांच्या बाजूला किंचित वाकलेली असते आणि ती तशीच राहायला हवी. केस इतके ताणायचे की काठीच्या मध्यावर पेन्सिल जाईल एवढी फट राहील, त्याहून जास्त नाही. वाजवून झाले की स्क्रू सैल करून ठेवायचा. आमचा गज रात्रंदिवस आवळलेला राहिला आणि महिन्याभरात काठी एका बाजूला कलली. तो गेलाच.

दुसरा गज घेताना मात्र आम्ही शहाणे झालो होतो. मागच्या टोकाकडून एक डोळा मिटून काठी सरळ आहे का ते पाहिले. स्क्रू अडखळत नाही ना, टोकाजवळ केस सुटलेले नाहीत ना, हेही पाहिले. चांगल्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात, आणि पूर्ण मापाच्या गजाचे वजन साधारण 60 ग्रॅम भरते. मोठे वादक ज्या पर्नांबुको लाकडाचे गज वापरतात, ते ब्राझीलमधले. ते झाड आता दुर्मीळ झाले असून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. नवशिक्याला त्याची गरजही नाही. आम्ही कार्बन फायबरचा घेतला. लाकडाहून दिसायला रुक्ष, पण पावसाळ्यात वाकत नाही. कोकणातल्या घरांना तर आम्ही डोळे मिटून हाच सांगू.

तारांची गोष्ट जरा नाजूक. संचातल्या तारा कडक आणि कर्कश होत्या, शेजारच्या भाभींनी एकदा विचारलेही, "मिक्सर बिघडला का?" तारा मुख्यतः तीन प्रकारच्या. स्टीलच्या स्वस्त, टिकाऊ आणि लवकर सुरात बसणाऱ्या. मेंढीच्या आतड्याच्या जुन्या पद्धतीच्या, महाग, हवा बदलली की सूर सोडणाऱ्या. तिसऱ्या कृत्रिम धाग्याच्या, त्यावर धातूचे वेष्टण. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्डची डॉमिनंट ही त्यातली सर्वांत परिचित, 1970 पासूनची. आवाज गोड, पण किंमत स्टीलच्या कितीतरी पट, आणि नव्या असताना काही दिवस ताणतच राहतात, रोज सूर उतरतो. ज्या मुलाला अजून तार मिळवता येत नाही त्याला हा त्रास कशाला? आमच्या मते पहिल्या वर्षी बऱ्यापैकी स्टीलच्या तारा पुष्कळ झाल्या. गोडव्याचा खर्च बोटे सुरावर पडू लागल्यावर करावा.

दोन गोष्टी दुकानात आधी सांगायच्या. एक, व्हायोलिनचे माप. पाऊण मापाच्या व्हायोलिनला पूर्ण मापाच्या तारा लावल्या तर त्या ढिल्या आणि मेल्यासारख्या वाजतात. दुसरे, शिकणे कुठल्या पद्धतीचे आहे. पाश्चात्त्य पद्धतीत तारा ठरलेल्या चार सुरांत असतात, हिंदुस्तानीत बहुधा षड्ज-पंचमाच्या जोड्यांत मिळवतात. सरांना विचारून मगच तारा घ्याव्यात.

तारा बदलतानाची चूक तर आम्ही हौसेने केली. चारही एकदम काढल्या. घोडी पडली, आणि वाद्याच्या पोटात नुसत्या दाबाने उभी असलेली छोटी काठीही आडवी झाली. ती गोंदाने चिकटवलेली नसते, हे तेव्हा कळले. तारा एकेक करून बदलायच्या असतात. शेवटी मिरजेला गेलो. तिथे सतार-तंबोऱ्याचे काम करणाऱ्या एका शिकलगार चाचांनी वाकड्या सळईने ती काठी जागेवर उभी केली, घोडी थोडी घासून खाली घेतली आणि म्हणाले, "बेटी, तार इतकी वर होती, बोटं दुखत नव्हती का?" दुखत होती. तिने आम्हाला सांगितले नव्हते. सांगितले तर व्हायोलिन विकतील, ही भीती.

परतीच्या एस.टी.त आम्ही तिला सांगितले, की वाईचे व्ही. जी. जोग पुढे देशातले नामवंत व्हायोलिनवादक झाले, आणि त्यांना तालीम देणाऱ्यांत उस्ताद अल्लाउद्दीन खाँही होते, जे स्वतः व्हायोलिन वाजवत. तिने ऐकले की नाही कोण जाणे. पेटी मांडीवर घेऊन ती खिडकीबाहेर बघत होती.

सहा महिने कधीच उलटले. विकायचा विषय कोणी काढलेला नाही. परवा मगरिबनंतर दादीमांनी विचारले, "आज पोरीचं वाद्य ऐकू नाही आलं. तार तुटली का?"