साठ हजारची पुडी आणि साडेत्रेसष्ट अंशांचं ऊन

परळ-लालबागच्या चाळींत हल्ली गॅलरीत दोन माणसं भेटली की बोलणं साखरेवर थांबत नाही. "माझं डी थ्री अकरा आलं." "अकरा? माझं नऊ!" कमी मार्कांचं एवढं कौतुक दहावीच्या निकालालाही कुणी केलं नसेल. बरं, शहर कुठलं, तर बारा महिने घाम काढणारं. समुद्राकाठी राहून मिठाला महाग, तशातली गत. आणि या नुसत्या गॅलरीतल्या गप्पा नाहीत. केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या हजाराहून जास्त तरुण, धडधाकट माणसांचं रक्त तपासलं आणि २०११ साली निष्कर्ष छापले. त्यातल्या सुमारे ७० टक्के जणांचं ड जीवनसत्त्व मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली होतं. आजारी माणसांची नव्हे, चांगल्या हिंडत्याफिरत्यांची ही कथा.

या ड-प्रकरणातल्या काही गोष्टी ऐकून हसू येतं, तर एक-दोन ऐकल्यावर घरातला औषधांचा डबा तपासावासा वाटतो.

कोवळं ऊन, कोरडं पुण्य

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी सात-साडेसातला तोंड उन्हाकडे करून बसलेली मंडळी बघा. "कोवळ्या उन्हात डी मिळतं," असं तिथे ठामपणे सांगितलं जातं. चालण्याचे फायदे मिळतात, गप्पांचेही मिळतात. डी मात्र जवळपास नाही. त्वचेत ड तयार करणारे किरण म्हणजे अतिनीलमधले 'बी' जातीचे. सूर्य खाली असताना हवेच्या जाड थरातून तिरपे येता येता ते वरच गाळले जातात.

यासाठी यंत्र नको, आपली सावली पुरे. सावली उंचीपेक्षा लांब असेल तर ते ऊन फोटोपुरतं, आखूड असेल तर कामाचं. २२ डिसेंबरला लंडनमध्ये भरदुपारी सूर्य जेमतेम १५ अंश वर असतो. मुंबईत त्याच दुपारी तो ४७-४८ अंशांवर असतो, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीही आपली सावली आपल्यापेक्षा जरा आखूडच. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला तर ती पायाखाली गडप होते. जुलैतली गंमत ढगांमुळे कुणाला दिसत नाही, ते सोडा.

आणि भरदुपार म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. सूर्य आपल्या डोक्यावर येतो साधारण साडेबारा-पाऊणला. जुनी 'बॉम्बे टाइम' भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती ती याच हिशेबाने. महापालिकेने ती वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत मुंबईकर आजही बॉम्बे टाइमवरच आहे!

उजेड वेगळा, ऊन वेगळं

खिडकीच्या काचेतून ऊब येते, उजेड येतो, 'बी' किरण येत नाहीत. एसी लोकलमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली तर नशीब मानावं, पण डी मिळालं असं मानू नये.

गिरणगावाची गोष्ट याहून गमतीची. गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं आठवा. त्यांच्या काचा मुद्दाम उत्तरेकडे केलेल्या असत, म्हणजे साच्यांवर एकसारखा उजेड पडावा आणि थेट ऊन आत येऊ नये. कामगार आठ-आठ तास लख्ख उजेडात आणि उन्हाविना. आता त्याच जमिनींवर लोअर परळचे काचेचे टॉवर उभे आहेत. साच्यांच्या जागी लॅपटॉप आले, ऊन तेव्हाही नव्हतं, आताही नाही. पगारात फरक पडला एवढंच.

साडेत्रेसष्ट अंशांचा साहेब

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. बीआयटी चाळी त्याच्याच. दादर-माटुंग्याची आखणीही त्याची. या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांना उजेड-वाऱ्याचं अक्षरशः वेड होतं. १९१२ साली त्यांनी मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा या एकाच विषयावर व्याख्यान दिलं. ट्रस्टचा नियम असा : खोलीतून साडेत्रेसष्ट अंशांच्या तिरप्या रेषेवर आभाळ मोकळं दिसलं पाहिजे. साध्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मं तरी अंतर मध्ये सोडा.

ड जीवनसत्त्वाला तेव्हा नावही नव्हतं. ऑरसाहेबांचा रोख क्षय आणि कोंदटपणावर होता. पण हिशेब करून बघा. डिसेंबरातला दुपारचा सूर्य ४८ अंशांच्या आसपासच असतो. म्हणजे पूर्व-पश्चिम गल्लीत, नियम काटेकोर पाळूनसुद्धा, तळमजल्याच्या खोलीत थंडीभर दुपारचं ऊन शिरणारच नाही. त्या नियमाचीसुद्धा आज चैन वाटते, ही गोष्ट वेगळी. गिरगावातल्या काही गल्ल्यांत समोरच्या बिऱ्हाडात कुकरची कितवी शिट्टी झाली हे मोजता येतं. तिथे अंश कसले मोजता?

नाशिकची मुडदूस

मुलांची हाडं मऊ पडून पाय वाकणं, याला मराठीत मुडदूस हा खास शब्द आहे. हा रोग गरिबांचा, खायला न मिळणाऱ्यांचा, असा समज होता. तो खोडून काढणारा एक महत्त्वाचा अभ्यास झाला आपल्या नाशिकला. हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी १९२२ साली तो छापला. त्यांना दिसलं ते उलटंच. चांगलं खाऊनपिऊन असलेल्या, पण पडद्यामुळे घरात कोंडलेल्या बायका-मुलांत मुडदूस आणि मऊ हाडं. अर्धपोटी राहून दिवसभर उघड्यावर राबणाऱ्यांच्या पोरांत मात्र ती फारशी नाही. तूप-दूध हरलं, ऊन जिंकलं.

त्याच १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम यांनी कॉड माशाच्या यकृताच्या तेलातल्या मुडदूस बरी करणाऱ्या घटकाला 'डी' हे अक्षर दिलं. ए, बी, सी आधीच वाटून झाली होती, इतका साधा मामला. खरं तर हे जीवनसत्त्व म्हणवून घेण्याच्या लायकीचंही नाही. जीवनसत्त्व बाहेरून घ्यावं लागतं, हे तर आपल्या कातडीतच बनतं. कोलेस्टेरॉलच्या सख्ख्या भावापासून. मग यकृतात आणि मूत्रपिंडात त्याच्यावर एकेक हात फिरतो आणि तयार होतं ते चक्क हार्मोन.

अख्खी चाळ, एक ग्रॅम

मोठ्या माणसाला रोज ६०० युनिट पुरतात, असं आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं म्हणणं. ६०० युनिट म्हणजे १५ मायक्रोग्रॅम. एक ग्रॅम शुद्ध ड म्हणजे चार कोटी युनिट. बीडीडी चाळीच्या एका इमारतीत ८० खोल्या. खोलीमागे दोन माणसं धरली (हे धरणं फारच उदार झालं, कबूल), तर त्या एका ग्रॅममध्ये सगळ्या इमारतीचं वर्ष निघून वर वीसेक पाहुण्यांचंही निघेल.

हा माल येतो मात्र मेंढीच्या अंगावरून. लोकर धुताना निघणारा मेणचट चरबट पदार्थ, लॅनोलिन, त्यातून काढलेल्या द्रव्यावर अतिनील किरण सोडले की डी थ्री तयार. मेंढीला मारावं लागत नाही. तरी शाकाहारी मंडळींनी कॅप्सूलचं कवच बघावं. ते बहुधा जिलेटिनचं असतं. पुडी किंवा साधी गोळी बरी. दगडफुलासारख्या लायकेनांतून काढलेलं डी थ्रीसुद्धा आता मिळतं.

ताटातून किती? बांगडा आणि तारली चांगल्या, कारण अंगाने तेलकट. अंड्याच्या एका बलकात साधारण ४० युनिट, म्हणजे रोजच्या ६०० साठी पंधरा अंडी. नाचणीत कॅल्शियम मुबलक, ड नाही. निळ्या 'प्लस एफ' खुणेच्या दुधात लिटरला २०० ते ३०० युनिट घातलेले असतात, म्हणजे पेलाभर दुधात पन्नासेक. वडापावबद्दल न बोललेलं बरं.

आता ती पुडी

गेल्या वर्षी माझ्या आईला डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी लिहून दिली. आठवड्यातून एक, आठ आठवडे, दुधात घालून. आईने ती बीपीच्या गोळीशेजारी ठेवली आणि रोज सकाळी घ्यायला लागली. चौथ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात मला तीन रिकाम्या पुड्या दिसल्या. "अगं, दुधात छान लागते," हा खुलासा. डॉक्टरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, आता महिनाभर थांबा आणि पुढची पुडी मला विचारून घ्या. तीन पुड्यांनी काही बिघडलं नाही. दोन-तीन महिने हाच क्रम चालला असता तर बिघडलं असतं.

कारण उन्हाची गंमत अशी की जास्त झालं की त्वचा स्वतःच जादाचं ड मोडून टाकते. त्वचेला 'पुरे' म्हणता येतं, पोटाला येत नाही. पोटातून गेलेलं ड चरबीत साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवत राहतं. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, गोंधळल्यासारखं होणं आणि शेवटी मूत्रपिंडावर घाला. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय रोज ४,००० युनिटच्या वर जाऊ नये, ही मोठ्या माणसाची मर्यादा. साठ हजारची पुडी रोज घेणं म्हणजे तिच्या पंधरापट.

ही पुडी वाईट नाही. कमतरता असेल तेव्हा तिजोरी भरायला ती उपयोगी, पण डॉक्टरने सांगितले तेवढेच आठवडे. पुढे चालू ठेवायची ती रोजची लहान गोळी, ६०० ते १,००० युनिटची. एकदम भलामोठा डोस देऊन मोकळं होण्याची हौस कशी अंगाशी येते, ते ऑस्ट्रेलियात दिसलं. सत्तरीच्या पुढच्या बावीसशेहून जास्त बायकांवर झालेला प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले होते. त्या बायका पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलं. आपल्याकडे 'एकदाच घ्या, वर्षाची चिंता नको' म्हणून सहा लाख युनिटचं इंजेक्शन टोचून घेणारे आहेत, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

गोळी जेवणाबरोबर घ्या, ताटात थोडं तेल-तूप असू द्या. ड चरबीत विरघळतं, नुसत्या पाण्यावर उपाशीपोटी त्याचं शोषण कमी होतं. मूतखडा, मूत्रपिंडाचा आजार, क्षय किंवा सारकॉइडोसिस असेल, बीपीसाठी लघवीची गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल, तर आधी डॉक्टर, मग मेडिकलवाला. आईच्या दुधावरच्या बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब देतात. पण बाटलीगणिक थेंबांची ताकद बदलते, म्हणून शेजारणीच्या बाळाचं माप आपल्या बाळाला लावू नये.

आणि अपेक्षा बेतानेच ठेवा. अमेरिकेत जवळपास २६,००० मध्यमवयीन आणि ज्येष्ठ लोकांना रोज २,००० युनिट किंवा खोटी गोळी देऊन पाच वर्षं पाहिलं. हृदयविकार कमी झाला नाही, नव्याने होणारा कॅन्सर कमी झाला नाही, हाडं मोडणंही कमी झालं नाही. ज्यांना कमतरता आहे त्यांच्यासाठी गोळी औषध, ज्यांना नाही त्यांच्यासाठी ती जवळपास खडीसाखर. तिथल्या एन्डोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये तर सरळ सांगितलं की काही तक्रार नसलेल्या माणसांची ही रक्ततपासणी सरसकट करू नका. 'फुल बॉडी' पॅकेजवाल्यांना हे आवडणार नाही.

थंडीतल्या रविवारी दुपारी पाऊणच्या सुमारास हातपाय उघडे ठेवून गच्चीवर किंवा गिरगाव चौपाटीवर वीस-पंचवीस मिनिटं काढायला हरकत नाही. सावळ्या कातडीला जरा जास्त लागतात. त्वचा लाल होईपर्यंत मात्र थांबू नका, आणि मे महिन्यात हा प्रयोग नको.

आज रात्री जेवण झालं की औषधांचा डबा काढा आणि वेष्टनावरचा आकडा चष्मा लावून वाचा. ६०० किंवा १,००० असेल तर रोजच्या गोळ्यांत राहू द्या. ६०,००० असेल तर पुडी वेगळ्या डब्यात ठेवा आणि कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, दर रविवारच्या चौकोनात लाल खूण करा. आमच्या घरी मग तसंच केलं. डॉक्टरांनी सांगितलेली शेवटची खूण झाली की पुडी बंद.